बुईसूंच्या तळघरातला गडी

नाव: बुईसू, नोएली. माहेरचे आडनाव: काझाल. राहणार: लाग्रेझ, लॉट नदीचा डावा काठ. वय: ज्या वयात बाई ते स्वतःहून सांगू लागते, ते. उंची: मध्यम. डोळे: तपकिरी. विशेष खूण: दर शरद ऋतूत पायांवर गुडघ्यापर्यंत जांभळी झाक येते, कारण अज्ञात. व्यवसाय: काही नाही. सदर बाई सासरच्या द्राक्षमळ्याच्या तळघरात आजवर एकदाही उतरलेल्या नाहीत, असे त्यांचे सासरे (हयात असताना), पती, शेजारी आणि पोस्टमन यांनी, वेगवेगळे विचारले असता, एकाच शब्दांत सांगितले आहे.

खानेसुमारीची ही नोंद लाग्रेझ ग्रामपालिकेच्या दप्तरात आहे आणि अक्षर माझे आहे. आमच्याकडे, फ्रान्सच्या खेड्यांत, गावचा मास्तर हाच पालिकेचा चिटणीस असतो. शुद्धलेखन त्याने पाहायचे आणि खरेखोटे मेयरने, अशी कामाची वाटणी आहे. मेयरने वाचून सही केली.

नोएली लग्न होऊन आली ती वरच्या पठारावरून. तिथे दगड, मेंढ्या आणि चीज एवढेच पिकते आणि माणसे मोठ्याने बोलतात, कारण ऐकणारा बहुधा पुढच्या टेकडीवर असतो. सासरे आन्सेल्म बुईसू यांनी पहिल्याच दिवशी तिला घर दाखवले. चूल दाखवली, विहीर दाखवली, कोंबड्यांचे खुराडे दाखवले आणि अंगणातून बोट करून टेकाडावरची सासूबाईंची कबर दाखवली. जिन्याखालच्या जाड ओकच्या दारापाशी मात्र ते पाठ लावून उभे राहिले.

"हे तळघर."

"दिसतंय."

"इथे तू यायचं नाही."

"का?"

"बाई आत आली की वाइन नासते."

"कोण म्हणतं?"

"माझे वडील म्हणायचे."

"त्यांच्या वेळी कोण बाई आली होती आत?"

"कुणी नाही."

"मग त्यांना कळलं कसं?"

"कुणी आली नाही आणि वाइन नासली नाही. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

हा युक्तिवाद मी पुढे कितीतरी वर्षे शाळेतल्या मोठ्या मुलांना शिकवला. त्यातली चूक एकालाही सापडली नाही. त्यांचे बाप घरी असेच बोलत.

आमच्याकडच्या जुन्या घरांत वाइन खाली राहते आणि माणसे वर. मध्ये ओकच्या फळ्या असतात आणि फळ्यांना फटी. त्यामुळे ज्या खोलीत नोएलीने कधी पाऊल टाकले नाही, तिचा वास तिच्या स्वयंपाकघरात, अंथरुणात आणि केसांत होता. दोन वर्षे ती त्या वासावर कांदे परतत होती.

नवरा रेजिस इतका अबोल की लग्नात पाद्रींना प्रश्न पुन्हा विचारावा लागला होता. त्याला आयुष्यात एकच ठाम मत सुचले, ते ट्रॅक्टरविषयी. मळ्यात खेचर हवे की ट्रॅक्टर, यावर बापलेकांचा वर्षभर वाद चालला. म्हणजे बाप बोलत राहिले आणि एके दिवशी मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. सप्टेंबरात, द्राक्षे काळीभोर होऊन तोडणीला आली होती तेव्हा, तो पहिल्यांदा उतारावर काढला.

"हे यंत्र उताराला उलटतं," आन्सेल्म म्हणाले.

"नाही उलटत," रेजिस म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झाले.

"थांब, तुला दाखवतो," म्हणून आन्सेल्म मडगार्डवर चढून उभे राहिले, आणि त्यांनी ते दाखवले. खेचर बांधावरून पाहत होते. ते हसले, असे आन्सेल्म शेवटपर्यंत सांगत.

रेजिसचा गुडघा फुटला. त्याला काओरच्या इस्पितळात नेऊन पाय प्लास्टरात घातला. आन्सेल्मची नडगी मोडली, पण ते इस्पितळात राहायला तयार होईनात. "तिथे जेवणाबरोबर पाणी देतात," हे त्यांनी डॉक्टरांना दिलेले एकमेव कारण. त्यांना घरी आणून खिडकीपाशी खाटेवर निजवले. खाट बरोबर तळघरातल्या वाइनच्या टाकीच्या डोक्यावर आली.

आता त्या हंगामाला काय महत्त्व होते ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत असा गारठा पडला होता की खोऱ्यातल्या झाडून साऱ्या वेली मेल्या. लोकांनी नव्या लावल्या, आणि त्यांना फळ धरेपर्यंतची वर्षे एकट्याने निभावणे परवडेना म्हणून एकेक जण सहकारी सोसायटीत गेला. सोसायटीत सगळ्यांची द्राक्षे एकाच टाकीत जातात. एकदा सभासद झाले की दर वर्षी शेवटचा घडसुद्धा तिलाच द्यायचा, घरी वाइन करायची नाही, असा करार असतो. लाग्रेझमध्ये घरची वाइन करणारे बुईसू तेवढे उरले होते. आन्सेल्मनी नव्या वेली हाताने लावल्या होत्या, आणि त्यांचा पहिला भरघोस बहर या वर्षी आला होता.

शनिवारी काँतालूब आला. हा मेयर, सोसायटीचा अध्यक्ष आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. या तीन माणसांचे आपसात कधी भांडण झाले नाही. टोपी काढून तो खाटेच्या पायथ्याशी बसला.

"आन्सेल्म, हट्ट सोड. सोमवारी तोडणीची टोळी येतेय ना? सोसायटीचा ट्रक पाठवतो. तोडली की भरली, तुला डोक्याला ताप नाही."

"पहिला बहर आहे माझ्या वेलींचा."

"म्हणूनच म्हणतो. वाया जाईल. टाकीपाशी उभं राहायला आहे कोण तुझ्याकडे?"

"गडी बघतो."

"या आठवड्यात? अरे, खोऱ्यातला लंगडासुद्धा या आठवड्यात कुणाच्या तरी टाकीत उभा आहे."

"म्हणजे मीच तेवढा राहिलो."

"सही कर आणि मोकळा हो. तुझ्या द्राक्षांनी आमच्या टाकीची चव सुधारेल, हे मी सगळ्यांसमोर सांगीन."

"तुमच्या टाकीची चव सुधारायला माझी द्राक्षं नकोत, काँतालूब. साबण पुरेल."

काँतालूब हसला, पण जाताना म्हणाला, "सोमवारी सकाळी ट्रक येईल. भरायचा की परत पाठवायचा, तू ठरव." तो गेल्यावर आन्सेल्मनी भिंतीकडे तोंड केले. ट्रॅक्टरखालून ओढून काढताना हा माणूस ट्रॅक्टरला शिव्या देत होता. आता तो काहीच बोलेना.

नोएली भांडी घासत होती. तिने हात पुसले, ॲप्रन खुंटीला लावला आणि बाहेर गेली. ती विहिरीच्या कठड्यावर बसून होती, असे शेजारीण सांगते. मग उठून परत आली.

"बाबा, गडी मिळाला."

भिंतीकडून आवाज आला, "कोण?"

"बातिस्तू."

"कुठला बातिस्तू?"

"माझ्या माहेरकडचा. पठारावरचा."

आन्सेल्म हळूहळू या कुशीवर वळले. "कुठाय?"

"खाली. लाजाळू आहे. वर येणार नाही."

"टाकीचं काम केलंय का त्यानं कधी?"

"नाही. चीज करतो. पण सांगितलेलं ऐकतो."

"सगळं?"

"पटलं तर."

आन्सेल्मनी सुनेकडे बराच वेळ पाहिले. त्यांना त्याच क्षणी कळले की नंतर, यावर गावात आजही दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्ष चुकत असावेत; त्यांना बहुधा ती विहिरीवर बसली होती तेव्हाच कळले होते.

"एकटाच आलाय ना?" त्यांनी शेवटी विचारले. "कुणी बाई वगैरे नाही ना बरोबर?"

"एकटाच आहे."

"मग हरकत नाही."

सोमवारी ट्रक आला आणि रिकामा गेला. स्पेनकडून दर वर्षी येणाऱ्या टोळीने द्राक्षे तोडली, चरकातून काढली आणि खिडकीतून खाली टाकीत ढकलली; आत कोण आहे हे त्यांनी विचारले नाही. त्यांना पुढचा मळा गाठायचा होता. मग दार लागले आणि बुईसूंच्या घरात संभाषण सुरू झाले, असे माझे मत आहे. त्याआधी दोन वर्षे सासरे-सून एकमेकांशी फक्त बोलत होते.

"बातिस्तूला सांग, मेणबत्ती घेऊन उतरायचं. ज्योत विझली की तडक बाहेर. टाकीतला वायू माणसाला हाक मारू देत नाही."

"सांगितलं."

"पुन्हा सांग."

नोएली जिना उतरून जाई, दार वाजे, जरा वेळाने ती वर येई.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कळलं, मी काय मेंढी आहे का."

"आगाऊ आहे."

"पठारावरचा आहे."

टाकी फसफसू लागली की सालांचा जाड थर वर येतो. तो सकाळ-संध्याकाळ पायांनी खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून सुकून त्याचे व्हिनेगर होते. टाकीवर आडवी फळी असते. ती धरून गुडघ्यापर्यंत गरम रेंद्यात तुडवत राहायचे. बातिस्तू तुडवत असला की आन्सेल्म खाटेवरून काठीने जमीन ठोकत. खालून टाकीच्या लाकडावर एक ठोका येई. जरा वेळ गेला की पुन्हा काठी, पुन्हा ठोका. एकदा ठोका यायला उशीर झाला तर आन्सेल्म प्लास्टरसकट खाटेवरून खाली आले. ठोका आल्यावर त्यांना पुन्हा वर चढवायला मात्र बातिस्तू कामी आला नाही. नोएलीला जिना चढून यावे लागले.

"खाली कसे आलात?"

"पडलो."

"ओरडायचं तरी."

"कशाला? तो काम करतोय."

दुसऱ्या आठवड्यात बातिस्तू गाऊ लागला. मेंढ्या हाकायची गाणी, वरच्या पट्टीत.

"गड्याचा आवाज फार बारीक आहे गं," आन्सेल्म म्हणाले.

"लहान आहे अजून. मिसरूड फुटलेलं नाही."

"काल म्हणालीस तंबाखू संपला त्याचा. मिसरूड नाही आणि तंबाखू ओढतो?"

"संगत वाईट."

आन्सेल्मनी उशीखालून आपला पुडा काढून त्यातला अर्धा तंबाखू बातिस्तूसाठी दिला. मग जेवणही खाली पाठवायला लावले, "टाकीत उभं राहणाऱ्याला भूक लागते" म्हणून. नोएली रोज दोन जेवणे जेवू लागली आणि तंबाखू पोस्टमन विदालूला देऊ लागली. विदालू त्या महिन्यात बुईसूंच्या घरी पत्र नसतानाही येई, आणि दारातून मोठ्याने विचारी, "काय आन्सेल्म, गडी बरा आहे ना? तब्येतीला जप म्हणावं त्याला."

मग हवा तापली. ऑक्टोबर तोंडावर आला तरी उन्हाळा जायचे नाव घेईना, आणि टाकी आतून तापतच होती. आधी कळले ते आन्सेल्मना, फटींतून.

"सूनबाई, हा वास बदललाय. जॅम उकळल्यासारखा येतोय. बातिस्तूला म्हणावं हात लावून बघ."

नोएली खाली जाऊन आली. "बातिस्तू म्हणतो, हात ठेववत नाही."

आन्सेल्म उठून बसले. टाकी अशी तापली की फसफस मध्येच थांबते. मग ती वाइन गोड, अर्धवट आणि निरुपयोगी राहते. पहिला बहर होता. "विहिरीचं पाणी. पोती भिजवून टाकीभोवती गुंडाळायची. सुकली की पुन्हा. पोती कोपऱ्यात आहेत म्हणावं, पिंपांमागं."

ती गेली आणि आली. "पोत्यांत उंदीर राहतात. पोती अशी उरलेलीच नाहीत. नुसते उंदीर आहेत."

"मग?"

नोएली आत गेली. आतल्या खोलीत तिची पेटी उघडल्याचे आन्सेल्मनी ऐकले. त्या पेटीत तिच्या आजीने काढलेल्या सुताच्या, जाड तागाच्या चादरी होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने अक्षरे भरलेली. आमच्याकडे बाई त्या जन्मभर पुरवते आणि शेवटी त्यातल्याच एकीत जाते. नोएलीने त्या अजून एकदाही अंथरल्या नव्हत्या. मग विहिरीचा रहाट वाजू लागला, आणि थांबेना.

दुपारी ती ओलीचिंब वर आली.

"बातिस्तूनं चादरी गुंडाळल्यात."

"चादरी? त्याच्याकडे कुठल्या चादरी?"

"त्याच्या रुखवतातल्या."

आन्सेल्मनी मिशी चावली. "गड्याला रुखवत?"

"पठारावर पद्धत आहे."

"चांगली पद्धत आहे," आन्सेल्म म्हणाले, आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "त्याला म्हणावं, या घरात त्याचं नुकसान होऊ देणार नाही."

वास निवळायला पुढले तीन-चार दिवस लागले. रहाट वाजत होता तोवर आन्सेल्म जेवले नाहीत. बातिस्तूचे जेवण मात्र त्यांनी वेळेवर खाली पाठवले. एका सकाळी त्यांनी फटीला नाक लावले, बराच वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, ऑम्लेट कर. मोठं."

चादरी वाळत घालाव्या लागल्या, आणि वाळत घालायला बुईसूंकडे एकच दोरी, चर्चसमोरच्या रस्त्यावर. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्या साऱ्या गावाने कोपऱ्यात लाल "नो. का." असलेल्या जांभळ्या चादरी पाहिल्या. खाली नोएली उभी होती; अंगाची लाही होत असताना तिने गुडघ्यापर्यंत जाड लोकरी मोजे घातले होते. काँतालूबची बायको म्हणाली, "थंडी वाजतेय का गं?" नोएली म्हणाली, "आमच्याकडे पठारावर घालतात." त्या महिन्यात पठारावरच्या रीतिरिवाजांत मोठी भर पडली. पाद्री चादरींकडे पाहून म्हणाले, "या वर्षी रंग चांगला धरलाय," आणि आत गेले. याहून जास्त कुणी काही बोलले नाही. आन्सेल्म बुईसूच्या तळघरात बाई जात नाही, हे सगळ्यांना माहीत होते.

सगळ्यांना म्हणजे रेजिस सोडून. तो काओरला पाय टांगून पडला होता आणि त्याला कुणी काही कळवले नव्हते. बोलत नसलेल्या माणसाला लोक सांगायचेही विसरतात. काँतालूब सोसायटीच्या कामाने काओरला गेला, तेव्हा सफरचंदे घेऊन त्याला भेटायला गेला. मला हे त्यानेच सांगितले आणि सांगताना त्याचा चेहरा न्यायाधीशासारखा होता.

"तुझी काळजी मिटली रे. गडी फार चांगला मिळालाय."

रेजिसने मान हलवली.

"तुझ्या बायकोच्या माहेरचा. दोघांचं छान जमतं. गातात काय, जेवतात काय. तुझे वडील तर त्याला स्वतःचा तंबाखू देतात."

रेजिसने मान हलवली नाही.

"हो, आणि लग्नातल्या चादरी आहेत ना तिच्या? त्याच वापरतो तो."

रेजिसने शेजारच्या नर्सला हाक मारली. इतक्या आठवड्यांत त्याचा आवाज तिने प्रथमच ऐकला. तो म्हणाला, "माझी विजार द्या."

तो पाववाल्याच्या गाडीतून, पाय खिडकीबाहेर काढून, लाग्रेझला पोचला, तो नेमका वाइन उतरवण्याचा दिवस होता. टाकीची फसफस शांत झाली होती. तोटी उघडून वाइन खाली घंगाळात सोडायची, बादल्यांनी पिंपांत भरायची आणि उरलेला चोथा आत उतरून उपसायचा. आन्सेल्मनी सकाळपासून वरून इतक्या सूचना दिल्या होत्या की बातिस्तूने शेवटी टाकीवर दोन ठोके मारले. त्याचा अर्थ दोघांनी कधी ठरवला नव्हता, पण आन्सेल्म गप्प बसले.

जिना न चढता रेजिस कुबड्यांवर जिन्याखालच्या दाराकडे वळला. आन्सेल्मना कुबड्यांचा आवाज ऐकू आला. त्यांनी वरून ओरडून सांगितले, "रेजिस, आधी दार वाजव. गडी लाजाळू आहे!"

दार वाजले नाही, उघडले. पुढचे आन्सेल्मनी फळ्यांमधून ऐकले आणि पुढे मरेपर्यंत ज्याला-त्याला ऐकवले. आधी काहीच नाही. मग एक कुबडी पडली. मग दुसरी. मग नोएलीचा आवाज: "बघत काय उभा राहिलास? बादली धर." आणि मग रेजिस बुईसू हसला. तो आवाज या घरात कुणाच्या ओळखीचा नव्हता. खेचराचा असेल असे आन्सेल्मना आधी वाटले.

तो वर यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याचे नाक, एक कान आणि प्लास्टरचा बराचसा भाग जांभळा होता.

"भेटलास?" आन्सेल्मनी विचारले.

"भेटलो."

"कसा वाटला?"

रेजिसने विचार केला. "बरा आहे."

"ठेवायचा?"

"ठेवायचा."

मग नोएली आली. तिने हात धुतले होते. त्याचा काही उपयोग झाला नव्हता. तिने लसणाचे सूप वाढले. टेबल आन्सेल्मच्या खाटेला लावले आणि खालून आणलेला गडू मधोमध ठेवला. वाइन काळी होती. आमच्याकडची अशीच असते. गडूच्या काठाशी तेवढी उजेडात जांभळी दिसते.

पेल्यातून चाखतात ते गिऱ्हाइके. आमच्याकडे वाइन खरी कळते ती सूप संपत आले की. तळाला चार घोट रस्सा ठेवायचा, त्यात वाइन ओतायची आणि वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा. जी वाइन त्यात टिकते ती टिकते. आन्सेल्मनी सूप नेहमीपेक्षा हळू संपवले. मग गडू उचलला, ओतला, वाडगा तोंडाला लावला आणि त्यामागे दिसेनासे झाले. फक्त मिशीची टोके दोन्ही बाजूंनी दिसत होती. रेजिसने नोएलीचा हात टेबलाखाली धरला. हे मला माहीत आहे, कारण मी आणि काँतालूब सोसायटीचा नवा कागद घेऊन तेव्हाच दारात पोचलो होतो. आम्हीही उभेच राहिलो.

वाडगा खाली आला. मिशी जांभळी झाली होती. आन्सेल्मनी ओठांत बोट घातले आणि काहीतरी बाहेर ओढू लागले. ते संपेना. शेवटी त्यांनी ते उजेडात धरले: एक तपकिरी केस, चांगला हातभर लांब. त्यांनी तो टेबलावर नीट सरळ करून ठेवला. काँतालूब छताकडे पाहू लागला.

"सूनबाई," आन्सेल्म म्हणाले.

"काय बाबा?"

"बातिस्तूला सांग, पुढल्या वर्षी डोक्याला फडकं बांधत जा."

"सांगते."

"आणि अजून एक वाडगा दे."

नोएलीने वाढले. थोडी वाइन खाटेवरच्या चादरीवर सांडली. तिकडे कुणी लक्ष दिले नाही. आन्सेल्मनी दुसरा वाडगा अर्धा प्यायला आणि उरलेला तिच्यापुढे सरकवला. "घे. घरात वाइन होते आणि तुला चव माहीत नाही, हे बरं दिसत नाही."

तिने वाडगा उचलला आणि गंभीरपणे, पहिल्यांदाच चाखावे तशी चाखली.

"कशी आहे?"

"थोडी आगाऊ आहे."

"पठारावरची आहे," रेजिस म्हणाला. त्या दिवशी त्याने आणखी पुष्कळ बोलून घेतले.

आन्सेल्मची नजर मग आमच्याकडे गेली. "काय काँतालूब, काय काम काढलंस?"

काँतालूबने कागद खिशात घातला. "काही नाही. गडी कसा आहे बघायला आलो होतो."

"खाली आहे. भेटायचं तर रांगेत उभा राहा." मग त्यांनी त्यालाही वाडगा द्यायला सांगितले. सोसायटीच्या अध्यक्षाने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि बाही तोंडाला लावून म्हणाला, "साबणाची गरज नाही हिला." आन्सेल्म इतके हसले की नडगी दुखावली.

ते त्यानंतर बरीच वर्षे जगले. नातवंडे खेळवली, खेचराला पेन्शनीत काढले, ट्रॅक्टरला कधी हात लावला नाही. दर वर्षी तोडणी जवळ आली की ते नोएलीला म्हणत, "बातिस्तूला निरोप धाड." प्लास्टर निघाल्यावर ते स्वतः तळघरात जाऊ शकत होते, पण टाकी तुडवायच्या वेळी ते वर खाटेवर बसत आणि काठीने ठोकत. तळघरात बाई जात नाही, हे तत्त्व त्यांनी कुणापुढेही सोडले नाही. कुणी विषय काढलाच तर आवाज चढवून सांगत आणि खालून एक ठोका येई.

ते गेल्यावर पुन्हा खानेसुमारी आली, तेव्हा मेयर म्हणून काँतालूबनेच मला सुरुवातीला दिलेला मजकूर सांगितला. आम्ही दोघांनी टोप्या काढल्या होत्या.

दप्तराबाहेर सांगायचे तर, बुईसूंकडे गडी ठेवलेला नाही. यंदाची टाकी नोएलीबाईंनी तुडवली; शिडी रेजिसने धरली होती.